महाकाय कासवं नव्या कुरणात: आधी हद्द, मग सावली, मग पाणी आणि शेवटी गवत

नव्या कुरणाचं फाटक उघडलं की भोवती उभी असलेली माणसं एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसतात: कासव गवताला तोंड कधी लावतंय? महिनोन्‌महिने राखलेलं हिरवंगार गवत समोर असतं, आणि आत सोडलेलं दीडशे किलोचं कासव त्याकडे ढुंकूनही न बघता सरळ कुंपण गाठतं. कुंपणाला लागून एक फेरी होते, मग दुसरी, तिसरी, संध्याकाळपर्यंत हेच चालू. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, जागा पसंत पडली नाही किंवा प्राणी घाबरलाय.

मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या एका उद्यानात अल्डाब्रा कासवांची देखभाल करायला लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पुढे अनेक कासवं एका आवारातून दुसऱ्या आवारात जाताना पाहिली आणि एक गोष्ट पक्की समजली. बंदिस्त जागेत राहिलेलं महाकाय कासव नवी जागा एका क्रमाने आपलीशी करतं. आधी हद्द बघतं, मग सावली शोधतं, मग पाणी, आणि चाऱ्याचा नंबर शेवटी लागतो. आपण तयारी बरोबर उलट्या क्रमाने करतो. सगळी मेहनत गवतावर घेतो आणि कुंपण, सावली शेवटच्या आठवड्यात उरकतो. हा लेख त्या क्रमाला धरून लिहिला आहे. प्राणिसंग्रहालयात काम करणारे, पशुवैद्यकाचे विद्यार्थी आणि मॉरिशसमधली आपली मराठी मंडळी, या सगळ्यांना उपयोगी पडावा म्हणून. घरच्या अंगणात पाळण्याचा हा प्राणी नाही. त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत.

कासव कुठलं, कुरण कशाला

आज जगभरच्या संग्रहालयांत दिसणारी महाकाय कासवं मुख्यतः दोन ठिकाणची: पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांची आणि हिंदी महासागरातल्या अल्डाब्राची. अल्डाब्रा हे सेशेल्स देशातलं प्रवाळबेट. तिथे आजही साधारण एक लाख कासवं मोकळी फिरतात. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात मार्च 2006 मध्ये वारलेला 'अद्वैत' याच जातीचा. त्याचं वय अडीचशे वर्षं सांगितलं जाई.

मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रेयुनियन या बेटांची स्वतःची महाकाय कासवंही होती, पाच जातींची. जहाजांवरच्या लोकांनी ती मांसासाठी आणि तेलासाठी मारली, त्यात डुकरं-उंदरांची भर पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळी संपली. अल्डाब्राचंही तेच होणार असं दिसल्यावर 1874 मध्ये डार्विनसह काही ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून ती कासवं वाचवण्याची विनंती केली. आता त्याच अल्डाब्रा कासवांना मॉरिशसमध्ये नामशेष जातींचं काम दिलं जातंय. 26 हेक्टरच्या इल ओ एग्रेत बेटावर 2000 साली ती आणली. तिथे ती एबनी या झाडाची फळं खाऊन बिया लांबवर पेरतात. राउंड आयलंड आणि रॉड्रिग्जवरच्या राखीव क्षेत्रात 2007 पासून आहेत. म्हणजे बंदिस्त कासव नव्या रानात सोडणं ही इथे नित्याची गोष्ट आहे.

जागा आधी गुडघ्यांवर बसून बघा

कासवाचं डोकं जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतं. उभं राहून कुरण बघणाऱ्या माणसाला ते दिसतं तसं कासवाला दिसत नाही. म्हणून कुरण पट्ट्यापट्ट्याने वाटून घ्या आणि प्रत्येक पट्टा खाली बसून, हाताने गवत बाजूला करत तपासा. तारेचे तुकडे, खिळे, काचा, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिक, जे सापडेल ते उचला. कासवं, विशेषतः तरुण, रंगीत किंवा चकचकीत वस्तू चावून बघतात आणि गिळतातही. आमच्याकडे एका मादीने कुंपणाच्या कामात पडलेला तारेचा तुकडा गिळला होता. क्ष-किरण तपासणीत तो दिसला आणि त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही तिची विष्ठा चाळत होतो. तार बाहेर पडली, मादी वाचली. तेव्हापासून कुंपणाचं काम झाल्यावर मी लोहचुंबक लावलेली काठी सगळीकडे फिरवते.

मग झाडं. कण्हेर, धोत्रा, एरंड, घाणेरी मुळासकट काढा, नुसती छाटू नका. रानातल्या कासवाला काय टाळायचं याचा थोडाफार अनुभव असतो, कुंपणात वाढलेल्याला तो असेलच असं नाही. त्या जमिनीवर पूर्वी तणनाशक मारलं होतं का, हेही विचारून घ्या.

खड्डे आणि तीव्र उतार यांकडे दुर्लक्ष करू नका. उताराच्या कडेवरून पालथं पडलेलं मोठं कासव स्वतःहून सुलटं होईल याची खात्री नसते. त्यात ऊन असेल तर काही तासांत जीव जातो, कारण शरीराचं सगळं ओझं फुप्फुसांवर येतं आणि अंग तापत राहतं. उतार असेल तर पायऱ्यांसारखे टप्पे न करता तो सरळ, सौम्य करून घ्या.

हद्द: आरपार दिसेल असं कुंपण नको

पलीकडचं दिसलं की कासव तिकडे जायला बघतं आणि मधे काही आहे हे मानायला तयार नसतं. जाळीच्या कुंपणाला ते तासन्‌तास डोकं आणि छाती लावून रेटत राहतं. दोनशे किलोचा रेटा साधी जाळी सोसत नाही, आणि कासवाचं नाक व पुढचे पाय सोलवटून निघतात ते वेगळंच. त्याउलट डोळ्यांच्या वरपर्यंत भरीव भिंत असली, दगडी बांध, लाकडी फळ्या किंवा मातीचा भक्कम वरंबा, तर कासव तिला लागून चालतं आणि पुढे जातं. जाळी आधीच असेल तर खालच्या भागाला फळ्या ठोका. उंची मोठ्या कासवाच्या पाठीइतकी तरी ठेवा.

काटकोनातले कोपरे टाळा, गोलाई द्या. कोपऱ्यात अडकलेलं कासव मागे सरकण्याऐवजी पुढेच रेटतं. झाड आणि भिंत यांच्यामध्ये कवच अडकेल एवढी फट ठेवू नका. एक तर डोकंही जाणार नाही इतकी अरुंद, नाहीतर कासव सहज वळेल इतकी रुंद. आणि विजेचं कुंपण तर नकोच. गाय झटका बसला की मागे उडी मारते, कासव जागच्या जागी कवचात शिरतं, म्हणजे तारेला चिकटून राहण्याची शक्यता असते.

सावली आणि पाणी

अल्डाब्रावर मोठ्या कासवांना उन्हाचा धोका फार मोठा आहे. मोकळ्या मैदानात चरताना सूर्य वर आला आणि वेळेत झाड गाठता आलं नाही तर कासव भाजून मरतं. एवढं मोठं शरीर तापायला वेळ लागतो तसं निवायलाही लागतो. म्हणून ती पहाटे आणि दुपार कलल्यावर चरतात, मधला वेळ सावलीत एकमेकांना खेटून पडून राहतात.

कुरणाच्या कुठल्याही ठिकाणाहून कासव दहा मिनिटांत सावलीत पोहोचलं पाहिजे, हा माझा हिशेब. एकच मोठं झाड असेल तर दांडगा नर त्याखाली बैठक मारतो आणि बाकीच्यांना ढुशा देऊन हुसकावतो. म्हणून सावली तीन-चार ठिकाणी हवी. झाडं वाढेपर्यंत झावळ्यांचे मांडव चालतात. खांब मात्र भक्कम गाडा, कारण कासवं त्यांना पाठ घासतात.

पाण्याचं टाकं उथळ, चढउतार सोपा, तळ खडबडीत. ही कासवं पोहणारी नव्हेत, पण पाण्यात पाय बुडवून बसायला त्यांना फार आवडतं. शेजारी चिखलाचं डबकं करून द्या. चिखल अंग थंड ठेवतो आणि चावणारे कीटक दूर राहतात. अल्डाब्रा कासवाची एक गंमत सांगते: खडकातल्या उथळ खळग्यात साचलेलं पाणी ते नाकपुड्यांनी ओढून पिऊ शकतं. त्यामुळे पाण्यात नाक बुडवून निश्चल बसलेलं कासव दिसलं तर घाबरून त्याला ओढू नका.

रात्री तापमान 15 अंशांखाली जाणार असेल तर निवाऱ्याची खोली हवी. मॉरिशसच्या किनाऱ्यावर तिची क्वचितच गरज पडते, युरोपातल्या संग्रहालयांत तिच्यावाचून चालत नाही.

गवताची ओळख जुन्या आवारातच करून द्या

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पायरी ही, आणि हीच लोक सोडतात. हलवण्याआधी दोन-तीन आठवडे नव्या कुरणातलं गवत कापून जुन्या आवारात रोज थोडं थोडं घाला. पहिल्या आठवड्यात वाळलेल्या वैरणीत मिसळून, मग वाढवत न्या.

याला दोन कारणं. कासव अन्न मुख्यतः वासाने ओळखतं, तोंड लावण्याआधी नाक लावतं. सेंट हेलेना बेटावर 1882 मध्ये आणलेलं जोनाथन हे महाकाय कासव जगातला सर्वांत वयस्क जमिनीवरचा प्राणी मानलं जातं. तो गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या कुरणातच राहतो. म्हातारपणी त्याची नजर आणि वासाची जाण दोन्ही गेली. चांगलं गवत समोर असूनही तोंडात काड्या-पाचोळा जाऊ लागला, चोच बोथट झाली. पशुवैद्याने हाताने फळं-भाज्या भरवायला सुरुवात केल्यावर तो सावरला. वासाचं महत्त्व यापेक्षा नीट कुठे दिसणार?

दुसरं कारण पोटाचं. ही कासवं आतड्यांच्या मागच्या भागात जंतूंच्या मदतीने गवत कुजवून पचवतात. काम संथ असतं. गॅलापागोसच्या कासवांवर झालेल्या अभ्यासात बिया पोटातून बाहेर पडायला साधारण 12 दिवस लागले. आतले जंतू नव्या चाऱ्याला रुळायलाही वेळ मागतात. वाळल्या वैरणीवरून एकदम कोवळ्या, रसरशीत गवतावर सोडलं की विष्ठा पातळ होते.

कुरणात गवत कोणतं हवं? तंतू भरपूर आणि प्रथिनं बेताची असलेलं. हरळी उत्तम, कारण ती तुडवणं सोसते आणि कुरतडल्यावर पसरते. अधूनमधून लव्हाळा आणि रुंद पानांची साधी तणं असू द्या. गुडघाभर उंच, जून झालेलं गवत मात्र कासवाला कामाचं नाही. त्याला दात नसतात, कडक चोचीने पकडून डोक्याला झटका देत तो गवत तोडतो. सोडण्याआधी कुरण कापून वीतभर उंचीपर्यंत तरी खाली आणा. गॅलापागोसमधल्या सांताक्रूझ बेटावर रानातली कासवं शेतांमधून ये-जा करतात, आणि तिथेही ती आखूड गवताच्या, तळी असलेल्या मोकळ्या जागाच पसंत करतात.

हलवण्याचा दिवस

मॉरिशसमध्ये हिवाळा मे ते ऑक्टोबर. सप्टेंबरची अखेर मला सर्वांत सोयीची वाटते. ऊन सोसवतं, गवत अजून कोरडसर असतं आणि पुढच्या पावसाबरोबर ते हळूहळू कोवळं होत जातं, म्हणजे पोटालाही सवड मिळते. फक्त त्याच सुमारास येणाऱ्या गणेश चतुर्थीची तारीख बघून घ्या. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आपली माणसं मुलाबाळांसह फिरायला निघतात. पहिले पंधरा दिवस नव्या कुरणाकडे पाहुणे नकोत. आणि एरवीही फोटोसाठी मुलांना कासवाच्या पाठीवर बसवू नका. कवच म्हणजे त्याच्या पाठीचा कणा आणि बरगड्याच आहेत, त्यात संवेदना आहे.

हलवण्याआधी प्रत्येकाचं वजन घ्या, कवचाची लांबी मोजा, विष्ठेत कृमी आहेत का ते तपासून घ्या, अंगात बसवलेली ओळखीची चिप वाचून नोंद करा. उचलताना चौघांनी कवचाच्या कडेला धरून आडवंच उचलायचं. तिरकं किंवा उभं करायचं नाही, बोटं कवच आणि पायाच्या फटीत घालायची नाहीत. कासवाने पाय आत ओढला तर बोट चिरडतं. उचलताना ते फुस्स आवाज करेल. तो राग नसतो, डोकं-पाय आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. लघवीही करेल, आणि साठवलेलं बरंचसं पाणी असं निघून जातं. म्हणून नव्या जागी उतरवायचं ते टाक्याशेजारी.

ज्यांची सोबत जुनी आहे त्यांना एकत्र न्या. आधी माद्या आणि तरुण, सर्वांत दांडगा नर दोन-तीन दिवसांनी. उलट केलं तर तो जागा स्वतःची मानून बसतो.

पहिला दिवस, पहिला आठवडा

पहिल्या तासात कासव कवचात राहील, मग मान बाहेर काढून बराच वेळ नुसतं बघेल. बघू द्या. फळाचा ढीग पुढे टाकून त्याला भुलवायचा मोह होतो. मीही केलं आहे. झालं असं की चार कासवं त्या ढिगापाशीच बसून राहिली, दुसऱ्या दिवशी त्याच जागी येऊन वाट बघत बसली आणि बाकीचं कुरण त्यांनी आठवडाभर पाहिलंच नाही.

मग हद्दीच्या फेऱ्या सुरू होतात. जागा मापणारं कासव मधेच थांबतं, मान वर करतं, जमीन हुंगतं, एखादी काडी तोडून बघतं, आणि प्रत्येक फेरीत कुंपणापासून थोडं आत सरकतं. अडचणीत असलेलं कासव एकाच दहा-पंधरा फुटांच्या तुकड्यात मागे-पुढे करतं, थांबत नाही, नाक भिंतीला घासत जातं. पहिलं चालू द्यावं. दुसरं तीन दिवसांहून जास्त चाललं तर त्या जागी भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथून उजेड, जुन्या आवाराचा वास किंवा दुसऱ्या नराची चाहूल येत असते.

दुपारी ऊन वाढल्यावर सावली सापडत नसलेल्या कासवाला तुम्ही स्वतः वळवा. मागच्या पायांशी चालत राहिलं की ते पुढे सरकतं. या पहिल्या तीन-चार दुपारी कुरण सोडून कुठेही जाऊ नका. नव्या जागेतल्या दुर्घटना याच वेळी होतात.

चरणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, तेही चाखत चाखत. या आठवड्यात जुनी वैरण नेहमीइतकीच द्या, फक्त रोज वेगळ्या ठिकाणी पसरून. कासव ती शोधत फिरतं आणि फिरता फिरता गवताला लागतं. बाहेरून आणलेल्या जातींच्या गवताला आधी तोंड लावलं तर नवल नको. मॉरिशसच्या बेटांवर असंच दिसलं आहे: स्थानिक झाडांपेक्षा बाहेरून आलेलं गवत-झुडूप ही कासवं जास्त खातात.

संध्याकाळी निवाऱ्यात न्यायचं असेल तर रंगीत चकतीची काठी शिकवा. चकतीला नाक लावलं की गाजराचा तुकडा. व्हिएन्ना आणि झुरिचच्या प्राणिसंग्रहालयांत महाकाय कासवांना असंच शिकवलं गेलं. ती गटात असताना जास्त लवकर शिकली, आणि व्हिएन्नातल्या काहींना नऊ वर्षांनीही ते आठवत होतं. कासव मंद असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा स्वतः करून पाहावं.

दुसऱ्या आठवड्यापासून

आता पायवाटा पडायला लागतात. झाड ते पाणी, पाणी ते चराईची जागा, गवत दबलेल्या स्पष्ट रेषा. त्यांचा नकाशा काढा. पुढे मांडव, टाकं किंवा फाटक हलवायचं झालं तर या वाटा तोडू नका. रात्रीच्या बसकणीही ठरतात, जमिनीत कवचाच्या मापाचे खळगे होतात.

नरांच्या कुरबुरी याच सुमाराला सुरू होतात. मान ताणून उंची दाखवणं, कवचाने ढुशी देणं, दुसऱ्या नरावर चढणं, हे ठीक. एकच नर दुसऱ्याला सावलीतून रोज हाकलत असेल किंवा उलटवायला बघत असेल, तर वेगळं करा.

कुरण आता ठिगळांचं दिसेल. काही जागा चटईसारख्या खुरट्या, काही तशाच उंच. व्यवस्थापकांना हे खटकतं आणि ते सगळं एकसारखं कापायला सांगतात. कापू नका. अल्डाब्रावर कासवांच्या शतकानुशतकांच्या चराईने अशीच आखूड हिरवळ तयार झाली आहे. तिच्यातल्या कित्येक वनस्पती मुळातच बुटक्या आहेत आणि बी जमिनीलगत धरतात, म्हणजे चोचीखाली येत नाही. खुरटी ठिगळं ही कासवांनी केलेली शेती आहे. फक्त उंच राहिलेल्या भागातून एखादी वाट कापून द्या, कासवं त्या वाटेने आत शिरतात आणि कडेने खात रुंद करतात.

काळजी करायची ती उघड्या पडलेल्या मातीची. तिची ठिगळं वाढत चालली तर कासवं जास्त आहेत किंवा कुरणाला विश्रांती नाही. मधे तात्पुरत्या फळ्या लावून कुरण दोन-तीन भागांत वाटा आणि एक भाग पाऊस होऊन गवत पुन्हा वीतभर येईपर्यंत बंद ठेवा. प्रत्येक भागात सावली आणि पाणी हवंच. नाहीतर पहिल्या दिवसाचं संकट पुन्हा उभं राहतं.

रोज काय बघायचं

सकाळी मोजणी, नावानिशी. विष्ठा: घट्ट, तंतुमय, गवताच्या वासाची असली तर छान. दोन दिवस पातळ राहिली तर हिरवा चारा कमी करून वाळलेला वाढवा. नाकातून फुगे, तोंडातून फेस, डोळे मिटलेले, पाय पसरून उन्हात पडलेलं कासव, हे दिसलं की वाट न बघता पशुवैद्य. तापलेल्या कासवाला सावलीत आणून साध्या पाण्याने भिजवा, बर्फाचं पाणी नको.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. पहिल्या महिन्यात थोडं उतरतं, कारण चालणं वाढलेलं असतं. तिसऱ्या महिन्यातही उतरत असेल तर गवत पुरत नाही असं समजा.

वैरण बंद कधी करायची? मी दुपारी बारा वाजता फाटकाशी उभी राहते. ऊन वाढल्यावर कासवं चरणं सोडून, न शोधता, आपापल्या वाटेने आपापल्या झाडाखाली गेली आणि असं सलग दहा-बारा दिवस झालं, की दुसऱ्या सकाळपासून वैरण निम्मी करते. त्यानंतर दोन आठवड्यांनी पूर्ण बंद. पावसाने ओढ दिली तर पुन्हा सुरू करायला लागते, म्हणून थोडा साठा कोरड्या जागी ठेवलेला असतो.